समाजकार्य काय लिहू?

अहो,

तुम्हाला जाऊन महिना होतो न होतो, तोच पक्षाने नगरसेवकाच्या तुमच्या जागेवर मला उभं केलं. काल प्रचारप्रमुख पत्रकासाठी माझी माहिती घ्यायला आले. "वहिनी, समाजकार्य काय लिहू?"

इतकी वर्षं सकाळी दार मी उघडलं, लोकांची गाऱ्हाणी ऐकली, तुम्ही उठेपर्यंत त्यांचे अर्जही लिहून ठेवले. त्याला समाजकार्य म्हणतात का, ठाऊक नाही. मी म्हटलं, "घर सांभाळलं." त्यांनी तेवढंच लिहून घेतलं. निघताना म्हणाले, "सभेत बोलताना डोळ्यांत पाणी आलं तर बरं पडेल." बघते म्हटलं. अजून तरी आलेलं नाही.

आज सकाळी बेल वाजली. मागच्या गल्लीतल्या आजी, नळाला पाणी नाही म्हणून आलेल्या. लेकीकडून कालच परतल्या, त्यांना काही कळलं नव्हतं. "साहेब आहेत का?"

"आंघोळीला गेलेत, बसा," मी नेहमीसारखं म्हटलं.

त्या बसल्या. मी चहा ठेवला, अर्ज लिहिला आणि सहीसाठी तुमच्या खोलीचं दार वाजवलं.

तुमची,
घर सांभाळणारी