काचेच्या बोटीत तुझं नाणं

प्रिय आई,

उद्या सकाळी समुद्रात जायचंय आणि आज मला स्वस्थ बसवत नाही, म्हणून तुला लिहितोय. आठवी नापासाचं अक्षर आहे, सांभाळून घे!

तू मला भिंगरी म्हणायचीस ना? ही भिंगरी फिरत फिरत अंदमानात आलीये, हॉटेलच्या किचनमध्ये. आणि परवा पुण्याहून आपली अर्धी गल्ली इथं फिरायला आली. शकूमावशी आली, अप्पासुद्धा आले! तू गेल्यापासून घर आणि मार्केट यार्डातली हमाली सोडून कुठं न गेलेले अप्पा!

बोट कुठली घ्यायची यावर काल केवढी जुंपली. पोरांना जोरात पळणारी हवी होती. मी म्हटलं, "काचेची बोट."

मावशी दचकलीच. "अख्खी काचेची? कुणाचा पाय लागून फुटली म्हणजे?"

"अगं, फक्त तळाला काच. बसल्या जागी खालचे मासे दिसतात."

अप्पा म्हणाले, "तुम्ही जा. मला काठावरून दिसतं तेवढं पुरे."

आई, मला तीच का हवी होती, ठाऊक आहे ना? बस मुठेच्या पुलावर आली की तू खिडकीतून नाणं टाकायचीस, हात जोडायचीस आणि विचारायचीस, "खाली कुठं जात असेल रे ते?" अप्पा करवादायचे, "नदीचंही तिकीट काढतेस का?" तुला तळ बघायचा होता, पण भिजायचं नव्हतं. अशी बोट असते हे आधी कळलं असतं तर! पण तू तरी एवढी घाई का केलीस?

यातलं काही बोललो नाही. नुसतं म्हटलं, "अप्पा, तळ दिसतो."

ते उठून जवळ आले. मग म्हणाले, "ते तरंगायचं जाकीट दाखव."

घातलं आणि म्हणाले, "जन्मभर पाठीवर पोती वाहिली, आता पोटावर पण?" सगळे हसून लोळले!

आज मावशीने आमच्या किचनचा ताबा घेतलाय. तिखटमिठाच्या पुऱ्या, आलेवडी, टोप्या, कानात घालायला कापूस! अप्पांनी मघाशी हळूच खिशातलं नाणं दाखवलं. "हिच्या वाटचं टाकू."

इथं पाण्यात काही टाकू देत नाहीत गं. म्हणून शब्द देतो. नाणं उद्या काचेवर ठेवीन, त्याला सगळा तळ दाखवीन. मग सुट्टी काढून पुण्याला येईन, अप्पांना खिडकीपाशी बसवीन आणि मुठेच्या पुलावरून त्यांच्याच हाताने टाकायला लावीन. खाली काय असतं, ते त्यालाच विचार.

तुझी भिंगरी,
संत्या