सुतकातली बासरी

अहो सुनीताचे बाबा,

काल आपल्या गावची मंडई होती. दिवाळीनंतरची ही जत्रा तुम्ही कधी चुकवली नाहीत, मला मात्र यंदा जायचंच नव्हतं. सुनीता माहेरी आली आहे, तिने ओढून नेलं. तिथे तुमचा तो बासरीवाला भेटला. माझ्या मागेपुढे बघून म्हणाला, "भाभी, भैया नहीं आए?"

मला सांगवेना हो! "घरी आहेत," म्हणाले. त्याने झोळीतून वीतभर बासरी काढली. "भैया ने पिछले साल बोला था, शर्ट की जेब में आ जाए इतनी छोटी. उनके लिए अलग रखी है." मी ती घेतली. सकाळपासून समोर ठेवून बसले आहे, म्हणून लिहिते.

काय हौस होती तुम्हाला! बांबूच्या, पितळेच्या, पाणी घालून वाजवायची मातीची चिमणीसुद्धा. लोकांचे सदरे शिवून उरलेल्या चिंध्यांतून प्रत्येकीला वेगळी पिशवी शिवायचात. माझं पोलकं मात्र महिनाभर मशीनवर पडून राहायचं! उन्हाळ्यात तडकू नयेत म्हणून त्यांना जवसाचं तेल चोळायचात. आणि एवढं करून एक गाणं तरी शेवटपर्यंत वाजवलंत का? अर्ध्यावर अडकायचात, हसायचात, पुन्हा पहिल्यापासून.

पण मोहफुलं वेचायला जाताना त्याच अर्ध्या गाण्याचा मला आधार होता. झाडांमागून आवाज यायचा आणि मी निर्धास्त वाकून वेचायची. अस्वलालाही तो ऐकू जायचा, ते दूर राहायचं.

काल मंडईतून परतताना सुनीताने विचारलं, "बाबा चष्मा विसरत, कैची विसरत. पण त्या दिवशी बासरी कशी विसरले वं आई?"

मी पदर सावरला आणि चालत राहिले.

तुम्ही विसरला नव्हतात. चैतात तुमचे चुलते गेले, त्याचा सहावा दिवस होता. पहाटे टोपली घेऊन निघताना तुम्ही कमरेला खोचलेली बासरी काढलीत आणि मी ती हिसकावली. "भाऊकीत सुतक हाय अन् तुमी बासरी वाजवून राह्यले! लोकं काय म्हणतीन?"

"अस्वलासाठी वाजवतो मी, लोकायसाठी नाही," तुम्ही म्हणालात.

"तेरवी झाली का वाजवजा."

काऊन ऐकलंत माझं? तीस वर्षांत एकदा तरी माझं ऐकलं होतं का तुम्ही? त्याच दिवशी शहाणपण सुचलं? मी बासरी तांदळाच्या कोठीमागे टाकली आणि तुम्ही मुकाट पुढे चालू लागलात. मोह वेचायला सुतक आडवं आलं नाही, बासरीला मात्र आलं!

तिथे शांत होतं. मला बरं वाटलं, हे लिहायला हात धजत नाही, पण बरंच वाटलं. माणसाने ऐकलं एकदाचं, असं मनात म्हणत मी टोपली भरत होते. अस्वल तुमच्या झाडाखाली मान वाकवून मोह खात होतं. त्याला तुम्ही कळला नाहीत, तुम्हाला ते दिसलं नाही. मग तुमची हाक आली. मी पोहोचले तेव्हा तुमचा चेहरा ओळखू येत नव्हता. सदऱ्यावरून ओळखलं, तुम्हीच शिवलेला.

पंचनाम्याला आलेल्या साहेबाने विचारलं, "आवाज करत नव्हते का?" माझ्या तोंडून निघालं, "बासरी घरी विसरले." त्याने तसंच लिहून घेतलं. तेव्हापासून सारं गाव म्हणतं, बिचारा विसरला अन् जिवानिशी गेला. मेलात तुम्ही आणि चूकही तुमच्याच माथी! सात महिने मी ते ऐकून घेतलं. मान हलवली. एक-दोनदा तर "विसरभोळेच होते," असं स्वतःच म्हणाले.

माफ करा म्हणायला तोंड नाही. सुनीता आता विहिरीवरून येईल. तिला सांगते, तुझे बाबा विसरले नव्हते, मी काढून घेतली. तिने पुन्हा माझ्या दारात पाऊल टाकलं नाही तरी सांगते.

आणि चैतात मी मोह वेचायला जाईन, ही बासरी वाजवत. मला एकच सूर निघतो, तोही फाटका. तेव्हा तुमचं वर्षश्राद्ध व्हायचं असेल. वर्ष सरलं नाही अन् बाई बासरी वाजवून राह्यली, असं लोक म्हणतील. म्हणू देत. तुमच्या झाडापर्यंत वाजवत येईन.

तुमची,
सुनीताची आई