पेल्यावर आडवा चमचा

ती. मावशीस,

साष्टांग नमस्कार. (पोट कालपासून इतकं तुडुंब आहे की वाकता येत नाही, तेव्हा कागदावरचाच गोड मानून घे.) तुझा गुडघा आता जिना चढू देतो ना? काकांचा खोकला? इकडे सगळे धडधाकट आहेत, काल संध्याकाळी मात्र तशी खात्री नव्हती.

बाबा एकदाचे आमच्या चष्मेवाल्याला भेटायला तयार झाले. (तो चष्मे बनवतो, आणि दुकानदार जावई म्हणजे बाबांच्या मते घराण्याला बट्टा. आईने तर येणंच नाकारलं, ते पुढे सांगते.) आमच्या गल्लीतलं तुर्की हॉटेल ठरलं. दारातच बाबांनी मला बजावलं, "जेवण होऊ दे. उठताना नाही म्हणून सांगतो आणि मोकळा होतो." अन्न समोर असताना वाईट बोलायचं नाही आणि पानात काही टाकायचं नाही, हे त्यांचे दोन नियम तुला ठाऊकच आहेत.

आत नुसता कल्ला. टेबलं इतकी खेटून की शेजारच्या आजींच्या वाढदिवसाला आम्हीही टाळ्या वाजवत होतो. मसुराचं सूप झालं, कबाब झाले, टम्म फुगलेल्या रोटीची टोपली बाबांनी संपवली की दुसरी हजर! शेवटी चहा आला, कंबर असलेल्या बिनकानाच्या इवल्या पेल्यात. बाबांनी संपवला, वाढप्याने भरला. पुन्हा संपवला, पुन्हा भरला. टाकावा तर नियम मोडतो, प्यावा तर पेला भरतो, आणि पेला भरलेला असताना नकार कसा देणार? माझा जीव टांगणीला लागलेला. करायला दुसरं काही नाही म्हणून बाबा बोलायला लागले: त्यांची पहिली नोकरी, आईचा तेव्हाचा धाक, तू झाडावरून पडलीस ते. मग त्या आजींनी हात धरून त्यांना नाचायला ओढलं, आणि बाबा हसले गं! किती वर्षांनी!

ते परत येऊन बसले तेव्हा चष्मेवाल्याने त्यांच्या पेल्यावर हळूच चमचा आडवा ठेवला. वाढपी किटली घेऊन माघारी फिरला. ('आता पुरे' म्हणायची ती तिथली रीत.)

"हे आधी नाही का सांगायचं?" बाबा म्हणाले.

"तुमचं बोलणं संपलं नव्हतं ना, काका."

उठताना बाबा म्हणाले, "रविवारी दुकानात येतो. माझा चष्मा सैल झालाय." बाबांच्या तोंडून याहून मोठा होकार निघत नाही. मला भर हॉटेलात रडू आलं. सुटले बाई एकदाची!

तुझी,
उंडगी

ता. क. पेला रिकामा राहू देऊ नका, असं वाढप्याला मीच आधी सांगून ठेवलं होतं. बाबांना कळू देऊ नकोस.

ता. क. आता आई राहिली. तिचा नकार अजून कायम आहे, आणि ती चहा पीत नाही. तू तिची थोरली बहीण. मिळेल त्या गाडीने ये.