अवसेला लावलेला माड

कुंभवली,
आश्विन वद्य षष्ठी
(इंग्रजी तारीख भाविकाला विचारून मग घालीन. हल्ली मला तारखा आठवत नाहीत, तिथ्या आठवतात. त्यावरून तुझ्या भावाची काय गत झाली आहे ते ओळख.)

तीर्थरूप जमनाताईस, धाकट्या एकनाथचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

इकडे आम्ही तिघंही बरे आहोत. दीपाची टाच दुखते, भाविकाचं कॉलेज चालू आहे, आणि मी निवृत्त झाल्यापासून घरात जरा जास्तच असतो, असं दोघींचं म्हणणं आहे. तुझा गुडघा कसा आहे? ओट्यावरून उतरताना भिंतीला हात लावतेस की अजून तशीच उडी मारतेस? माझा फोन आला की तू तो धीरजच्या हातात देतेस, म्हणून हे पत्र. तुझा हा लेक इंजिनाचा सुटा भाग न्यायला बोईसरला आला आहे, त्याच्याच हाती देतो, म्हणजे तोच तुला वाचून दाखवील. (धीरज, मोठ्याने वाच. हसू आलं तर थांबून हस आणि मग पुढे जा. वाचता वाचता हसलास तर तुझ्या आईला अर्धं कळणार नाही.)

मुद्द्यावर येतो. गेल्या वर्षी गणपतीत तू नवापूरहून रिक्षाने, मांडीवर माडाचं रोप घेऊन आलीस. ओटीवर माझे बॉयलर हाऊसमधले चौघे मित्र बसले होते. तू म्हणालीस, पुनवेच्या आत लाव, नाहीतर नवरात्रात लाव, अवसेला मात्र लावू नको. आणि मी, ज्याला भरतीची वेळ आजही तुलाच विचारावी लागते, चौघांच्या देखत म्हणालो की ताई, चंद्र म्हणजे धोंडा आहे. तुझं बोटांवरचं गणित मासळीपुरतं ठीक, इथे शिकलेली माणसं बसली आहेत. चौघे हसले. (आपण हसलो नव्हतो असं ललित आता म्हणतो. तोच सगळ्यांत मोठ्याने हसला होता.) तू अर्धा कप चहा तसाच खाली ठेवलास आणि एवढंच म्हणालीस, "शिकलास, बरा झाला." मी आयटीआयला होतो ती दोन वर्षं तू मासळीची पाटी घेऊन बोईसरच्या बाजारात बसायचीस, म्हणून मी वर्गात बसू शकलो. हे त्या चौघांना ठाऊक नव्हतं, मला होतं. तेव्हापासून तू या घराची पायरी चढली नाहीस, आणि मला त्या दिवसाची लाज वाटते, हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचा सगळा वेडेपणा त्यातूनच निघाला आहे.

तू गेल्यावर मला राग आला. राग स्वतःचाच होता, पण काढला रोपावर. मुद्दाम सर्वपित्री अमावास्येपर्यंत थांबलो आणि त्या दिवशी भर दुपारी, मागच्या कोपऱ्यात खड्डा खणून तुझा माड लावला. पाणीसुद्धा रागानेच घातलं. दीपा म्हणाली, पितरांच्या दिवशी हे काय नवीन, तर तिच्यावरही ओरडलो.

दिवाळी झाली आणि डोकं जरा ठिकाणावर आलं. मग ठरवलं की घरामागच्या दोन गुंठ्यांत बाग करायची, ती अथपासून इतिपर्यंत चंद्राच्या हुकमाने करायची, आणि पहिली टोपली घेऊन तुझ्या दारात उभं राहायचं, की ताई, तू बरोबर होतीस, हा बघ पुरावा. नुसती माफीही मागता आली असती, असं दीपा म्हणते. पण बॉयलरवर तीस वर्षं काढलेला माणूस काट्यावरचा आकडा पाहिल्याशिवाय रजिस्टरवर सही करत नाही, हे तिला एकतीस वर्षांच्या संसारात कळलेलं नाही.

भाविकाने माझ्या फोनवर एक ॲप घालून दिलं. चंद्र वाढता असला की जमिनीवर येणारं पेरायचं, घटता असला की जमिनीखालचं, इथवर तुलाही पटेल. पण त्याच्यापुढे राशी आहेत. चंद्र वृषभेत, कन्येत, मकरेत असला की मुळांचा दिवस; कर्क, वृश्चिक, मीन हे पानांचे; मिथुन, तूळ, कुंभ फुलांचे; आणि उरलेल्या तीन राशी फळांच्या. दर सव्वादोन दिवसांनी रास बदलते. हे ऐकताच मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं, कारण ही तर पाळीच झाली. मी वही घातली आणि त्यात लिहू लागलो, 'सकाळी सव्वादहा, सिंहेकडून कन्येने चार्ज घेतला, सर्व ठीक.' मागच्या दारावर फळा टांगला, 'आज मकर. फक्त मुळे. पानांना हात लावू नये.' त्या दिवशी दीपा आमटीला फोडणी देत होती आणि तिला कढीपत्ता हवा होता. तेल तापून धूर निघू लागला, पानांच्या दिवसाला अजून तीन दिवस होते, आणि मी दारात आडवा उभा. तिने गॅस बंद केला, शेजारच्या झाडाचा कढीपत्ता ओरबाडून आणला, आणि जेवताना मला आमटी वाढली नाही.

एप्रिलमध्ये ॲपने इशारा दिला की उद्या पहाटे पाला गोठेल, रोपं झाकून ठेवा. (ॲप कुठल्यातरी बर्फाच्या मुलखात बसवलेलं होतं हे भाविकाच्या नंतर लक्षात आलं. माझ्या तर यायलाच नको होतं का? पण हुकूम तो हुकूम.) मी वांग्यांवर दीपाच्या माहेरच्या गोधड्यांची जोडी घातली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ती तशीच होती, कारण उघडायला सांगणारा इशारा काही आला नाही. कुंभवलीच्या उन्हात गोधडीखाली वांग्याचं काय होतं ते तुला सांगायला नको. भरीत करायला निदान फळ तरी धरावं लागतं, तेवढीही उसंत त्यांना मिळाली नाही.

त्यानंतर मोठं संकट आलं. जूनमध्ये ॲपने मीन रास दाखवली म्हणून मी माठ पेरला. दीपा एकादशी बघायला भिंतीवरच्या पंचांगाकडे गेली आणि तिथूनच म्हणाली की आज तर कुंभ आहे. मी चष्मा पुसून पाहिलं, कुंभच. भाविकाने समजावलं की बाहेरच्यांची मोजणी आणि आपली मोजणी यांत जवळजवळ एका राशीचा फरक आहे. म्हणजे आकाशात चंद्र एकच, पण त्याचे पत्ते दोन. मी हादरलो. सहा महिने मी पानं फुलांच्या दिवशी आणि फुलं मुळांच्या दिवशी लावत होतो. मी माठाचं बी परत मिळवायला माती पिठाच्या चाळणीने चाळली. (ताई, माठाचं बी केवढं असतं ते तुला माहीत आहे. त्या चाळणीचा विषय आमच्या घरात अजून मिटलेला नाही.) मग न्यायाने वागावं म्हणून दोन वाफे केले, एक आपल्या चंद्राचा, एक परदेशी चंद्राचा. दोन्ही वाफे शेजारच्या एकाच कोंबडीने एकाच सकाळी उकरले.

मांडवाची गोष्ट त्याच्याही आधीची. विक्रमगडकडचा सुका, भात कापून झालं की दरवर्षी बोईसरला कामाला उतरतो, त्याला तू ओळखतेस. त्याच्याकडे वेलांच्या मांडवासाठी बांबू मागितले. तो म्हणाला, काळोख्या रातीत तोडून आणतो, त्याला भुंगा लागत नाय. मी त्याला वही दाखवली आणि चंद्र वाढता असतानाच तोडायला लावले, कारण वाढतं ते चांगलं असा माझा हिशेब. दोन महिन्यांत बांबूंना भुंगा लागला, आणि मांडवाखाली चहा प्यायला बसलं की वरून पिवळी भुकटी कपात पडू लागली. सुका बघायला आला, भुकटीकडे पाहिलं, वाफ्यात बोट खुपसलं, आणि म्हणाला, "दादा, चांद बगतंस ता बरा हाय. पन पानी कोन घालतं?" ताई, खरं सांगतो, ॲपमध्ये पाण्याचा दिवस म्हणून काही दाखवत नाहीत. पेरणीचे दिवस आहेत, छाटणीचे आहेत, केस कापायचेसुद्धा आहेत.

भाद्रपदात मी शेवटचा डाव मांडला. वद्य पक्ष, पंचांगातली वृषभ रास, पाणी रोज दोन वेळा, आणि पीक मुळा, म्हणजे चुकायला कुठे जागाच नाही. पाला असा आला की मी रोज सकाळी नुसता बघत उभा राहायचो. परवा चतुर्थीला चंद्र वृषभेत आला, तसं त्याच चौघांना बोलावलं. जे चौघांसमोर बोललो ते चौघांसमोरच मागे घ्यायचं होतं. त्यांना वाफ्याभोवती उभं केलं, दोन शब्द बोललो, आणि वाकून पहिला मुळा उपटला. एकाच्या जागी पाच आले. केळीच्या सोपटाने नीट बांधलेले, ओले, बाजारात असतात तसे. ललितने हळूच विचारलं, "एकनाथ, हे बांधूनच उगवतात का?"

मी वळून पाहिलं तर दीपा मागच्या दारात उभी राहून आकाशाकडे बघत होती. माझ्या मुळ्यांना खाली उंदराच्या शेपटीएवढंही काही धरलेलं नव्हतं, हे तिने आदल्या दिवशी उपटून पाहिलं होतं. चार माणसांत माझी फजिती नको म्हणून सकाळीच बाजारातून जुडी आणून तिथे खुपसली होती, घाईत सोडायची राहिली. जिला मी वर्षभर कढीपत्ता तोडू दिला नाही तिने हे केलं. मला तिच्यावर रागावता येईना, हसताही येईना. मग मी हातात ती जुडी धरूनच बोललो. म्हटलं, पुरावा काही मिळाला नाही, तरी ऐका. माझी बहीण बोटांच्या पेरांवर तिथी मोजते, तिची पाऊणपट करते आणि भरतीची वेळ सांगते, ती चुकलेली मी पाहिली नाही. ती बाजारात उन्हात बसली म्हणून मी बॉयलरपाशी उभा राहिलो. त्या दिवशी मी तिला हसलो आणि तुम्हाला हसायला लावलं, ते माझं चुकलं. चौघे हसले नाहीत. ललितने एक मुळा पंच्याला पुसला आणि पाला टाकून खाल्ला.

आता एकच अडचण राहिली आहे आणि ती तुला सांगितल्याशिवाय पत्र बंद करता येत नाही. वर्षभर चंद्राला विचारून जे जे लावलं ते सगळं गेलं. आणि अवसेला, दुपारी, रागाने, तुझा शब्द मोडून लावलेला तुझा माड माझ्या कमरेच्या वर आला आहे. नवीन झावळी धरली आहे. पान असं हिरवं, की जाणारे-येणारे विचारतात, खत कुठलं घालता. मी हरायला तयार आहे, ताई, पण तो मला हरू देत नाही. उपटून टाकावा तर तू दिलेला आहे, ठेवावा तर रोज सकाळी तो माझी बाजू घेऊन उभा. मी रोज त्याला पाणी घालतो आणि त्याच्याकडे न बघता घरात येतो.

घरातल्या सगळ्यांना माझी आठवण सांग, आणि गुडघ्याला तेल लाव.

तुझाच,
एकू

ता. क. सोबत मुळ्याची जुडी पाठवली आहे. ती बाजारातलीच आहे. पंधरा महिन्यांच्या शेतीचं एवढंच उत्पन्न आहे, आणि तेही दीपाचं. (भाविका म्हणते पंधरा नाही, अकरा महिने झाले. मला जास्त वाटले.)

ता. क. दुसरा. धीरज, हे सावकाश वाच, आणि आई उठून आत जायला लागली तर मागे जाऊन वाच. ताई, वर लिहिलं की पुराव्यासाठी बाग केली, ते पूर्ण खरं नाही. तुझ्या शेजारची कमळी गेल्या दिवाळीनंतर दीपाला बाजारात भेटली होती. ती म्हणाली, भाऊबीजेला तू माझा पाट मांडून संध्याकाळपर्यंत वाट पाहिलीस, आणि मग तबक घेऊन अंगणात जाऊन चंद्राला ओवाळलंस. ज्या बाईला भाऊ नाही ती चंद्राला ओवाळते. ते ऐकून मी त्या दिवशी जेवलो नाही. दुसऱ्याच दिवशी भाविकाकडून ॲप घालून घेतलं. माझ्या जागी ज्याला बसवलंस त्याच्यात असं काय आहे, ते मला बघायचं होतं. वर्षभर बघितलं.

ता. क. तिसरा आणि शेवटचा. यंदा भाऊबीजेला मी येतो आहे. बोलावू नकोस, मी न बोलावता येईन. पाट तेवढा मांडून ठेव. त्यालाही ओवाळायचं असेल तर आधी त्याला ओवाळ, माझी काही हरकत नाही. तो बीजेचा, तासाभरात दर्यात उतरेल. मी जेवायला थांबणार आहे.