ह्यांना नावाने हाक मारली तेव्हा

आई,

आज तुझ्याशी भांडायला बसलेय. तू गेलीस तेव्हा तुझा नातू रांगत होता, आता त्याला चष्म्याशिवाय पेपर वाचता येत नाही, म्हणजे भांडण उकरून काढायला तसा उशीरच झालाय. पण कारणच आत्ता घडलं, त्याला मी काय करू? यंदाच्या थंडीत आम्ही दोघं थायलंड, लाओस, कंबोडिया, व्हिएतनाम असं हिंडून आलो. चांगले दोन महिने, आणि कुठल्याही टूर कंपनीशिवाय, आपलं आपण. ऐकतेयस ना? डोंबिवलीहून ठाण्याला नोकरीला जायची म्हटलं तरी तुझा जीव टांगणीला लागायचा, तीच मी. तुझा पहिला प्रश्न मला ठाऊक आहे, तिकडे जेवायला काय मिळतं? भात मिळतो गं, सगळीकडे भात मिळतो. मेतकूट मी घरून नेलं होतं. जेवणाचं सोड, मला दुसरंच बोलायचंय.

डोंबिवलीचं आपलं स्वयंपाकघर आठव. लग्नानंतर आम्ही दोघं पहिल्यांदाच तुझ्याकडे जेवायला आलोय. तू खाली बसून पुरणपोळ्या लाटतेयस, मी तव्यापाशी उभी आहे आणि हे बाहेरच्या खोलीत शेजारच्या काकूंना कारखान्यातल्या गमती सांगतायत. मी आतून ह्यांना हाक मारली, नावाने, ऑफिसात मारायचे तशीच. पाटपाणी घे रे, म्हटलं. तुझं लाटणं जागच्या जागी थांबलं. "परत म्हण," तू म्हणालीस. "परत म्हणून बघ, थोबाडीत देते की नाही!" मला हसूच आलं. म्हटलं, "अगं आई, कारखान्यात टेलिफोनवर बसते मी. दिवसभर माइकवरून त्याचं नाव पुकारते." तू पिठाचे हात तसेच धरून माझ्याकडे पाहिलंस आणि आवाज एकदम खाली आणलास. "नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं. मी एकदाच घेतलं होतं. तुझे बाबा मोरीत पडले तेव्हा. सगळी बिल्डिंग गोळा झाली एवढ्या मोठ्याने घेतलं. उठले का?" मग म्हणालीस, "गालात मारून घे." मी मुकाट्याने दोन्ही गालांवर हलकेच मारून घेतलं. तव्यावरची पोळी तोवर करपली होती, ती तू स्वतःच्या ताटात घेतलीस.

तेव्हापासून अहो. ह्यांना आधी गंमत वाटली, मग वाईट वाटलं. "ऑफिसातली बरी होतीस," म्हणायचे. मी म्हणायचे, आईने सांगितलंय. खरं कारण कधी सांगितलं नाही. घाबरले होते मी, दुसरं काय. बाबा मोरीत पडले तेव्हा मी शाळेत होते, पण तुझी ती हाक काय असेल ते मला न ऐकताच ऐकू यायचं. तू गेलीस, डोंबिवलीची जागा गेली, आम्ही घोडबंदर रोडला बाविसाव्या मजल्यावर राहायला आलो, सून मुलाला खुशाल नावाने हाक मारते आणि कधी कधी गाढवा म्हणते, तरी माझं अहो काही सुटलं नाही.

आता हे. तुला ह्यांचं काय आवडायचं आठवतं? रस्ते. कारखान्याच्या स्टोअर्समध्ये होते, मालाच्या गाड्यांबरोबर फिरून फिरून ठाणं-कल्याण सगळं तळहातासारखं पाठ. "जावई कुठेही सोडा, घरी येईल," असं तू सगळ्यांना सांगायचीस. तर तुझे हे जावई गेल्या पावसाळ्याच्या शेवटी माजिवड्याच्या पुलाखाली गाडी बाजूला घेऊन थांबले. मागून हॉर्नवर हॉर्न. मला वाटलं टायर गेला. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून हे शांतपणे मला विचारतायत, "आपलं घर ह्या बाजूला की त्या?" मी हाताने दाखवलं. घरी आल्यावर बाथरूमचा नळ सोडून मी रडून घेतलं.

प्रवासाची तयारी त्याच्या आधीची होती. रिटायर झाल्यापासून ह्यांनी भिंतीवर आशियाचा नकाशा लावला होता, बोटीने नदी कुठे उतरायची, सीमा कुठे ओलांडायची, सगळं स्वतः ठरवलेलं. मुलगा म्हणाला, "आई, कॅन्सल करा. आधी डॉक्टरला दाखवू. बाबा तिकडे हरवले तर?" मी म्हटलं, आल्यावर दाखवू. "वेडी झालीस का तू?" म्हणाला. झाले असेन. पण डॉक्टर काय म्हणणार ते मला कळून चुकलं होतं, आणि एकदा ते कागदावर आलं की ह्यांना कोणी घराबाहेर सोडणार नव्हतं. ज्या माणसाने जन्मभर दुसऱ्यांचा माल जगभर पाठवला आणि स्वतः कधी मुंबई विमानतळाच्या आत पाय ठेवला नाही, त्याला एकदा तरी जाऊ दे, असं मला फार वाटलं. फक्त एक गोष्ट माझ्यावर होती. नेलं तसं परत आणायचं.

थायलंड नीट पार पडलं. लाओसमध्ये बोटीवर तर हे इतके खूश होते की मलाच वाटलं, मी उगाच घाबरले. हॉटेलात दोनदा फोन विसरले म्हणून ह्यांचा फोन माझ्या पर्समध्ये ठेवायला लागले, एवढंच. मग कंबोडिया. तिथे जुनी देवळं आहेत आई, मैलोन्‌मैल, आणि एका देवळाच्या प्रत्येक शिखराला चारी बाजूंनी दगडी चेहरे आहेत. अर्धवट मिटलेले डोळे, ओठांवर हसू. जिकडे वळावं तिकडे तोच चेहरा. सकाळची वेळ, माणसांची ही गर्दी, त्यात भगव्या टोप्या घातलेला आपल्याकडचा एक मोठा ग्रुप. मराठी ऐकून बरं वाटलं. मी पायरीवर बसून बुटात गेलेला खडा काढला. खडाच काढला, दुसरं काही केलं नाही. वर बघते तर हे नाहीत.

सुरुवातीला मी चिडलेच. अहो, कुठे गेलात, अशी ओरडत एका ओवरीतून दुसऱ्या ओवरीत गेले. मग आवाज चढवला. अहो! अहो! आणि हसशील तू, भगव्या टोप्यांमधले चार-पाच पुरुष एकदम मागे वळले. त्यातल्या एकाची बायको मला म्हणाली, "अहो काय करताय काकू, नाव काय त्यांचं? नावाने हाक मारा की!" माझं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. तिला काय सांगू, की माझी आई पिठाच्या हातांनी मध्ये उभी आहे? मी पुढे पळाले. गुडघा दुखतो तो त्या दिवशी दुखला नाही. तिथल्या रखवालदाराला ह्यांचा फोटो दाखवला, त्याने मान हलवली. पांढरे केस, निळा शर्ट, पांढरे केस, निळा शर्ट, असं पुटपुटत मी बाहेर झाडांखाली बसगाड्या उभ्या होत्या तिथवर आले. एक बस सुरू झाली होती. खिडक्यांतून सगळ्या भगव्या टोप्या. शेवटून दुसऱ्या खिडकीत भगवी टोपी घातलेला एक निळा शर्ट बसला होता आणि हातातला राजगिऱ्याचा लाडू खात होता.

मी ओरडले, अहो! बसने घरघर केली. अहो! त्यांनी मान वळवली नाही. लाडूचा कागद नीट घडी करून खिशात ठेवला. दार बंद झालं, चाकं हलली, आणि आई, मी नाव घेतलं. एकेरी, ऑफिसातलं, रे लावून. इतक्या जोरात की झाडावरची माकडं पळाली. त्याच क्षणी तुझी हाक मला माझ्याच तोंडून ऐकू आली. वाटलं, संपलं. आता हे खिडकीतच मान टाकणार.

ह्यांनी वळून पाहिलं. आणि चेहरा असा उजळला, की तसा मी लग्नानंतर पाहिलाच नव्हता. बस थांबवून हे खाली उतरले, टोपीसकट माझ्यासमोर आले आणि म्हणाले, "अगं, किती वेळ लावलास! दोन बस सोडल्या मी."

हे मनाने कोलशेतच्या स्टॉपवर होते, आई. कारखान्याच्या गेटसमोरचा. लग्नाआधी माझी पाळी सुटेपर्यंत हे तिथे थांबायचे, आणि मी गेटातून बाहेर आले की रस्त्याच्या ह्या बाजूने मीच ह्यांना नावाने हाक मारायचे. मी ह्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून भर रस्त्यात रडले. टोपीवाल्या बायका बघत होत्या, बघू देत. त्यातल्याच एकीने ह्यांना ऊन लागतंय म्हणून टोपी घातली होती. ती बिचारी कानाला हात लावून म्हणाली, "आम्हाला वाटलं दुसऱ्या बसमधले काका आहेत."

टुकटुकमध्ये, म्हणजे तिथल्या रिक्षात, बसल्यावर हे हळूहळू ताळ्यावर आले. मी विचारलं, गेलातच कसे त्यांच्याबरोबर? तर गोंधळून म्हणाले, "तूच म्हणालीस ना, अहो चला लवकर, बस सुटेल. म्हणून गेलो." मी नव्हते म्हणाले. कोणाची तरी दुसरीच बायको आपल्या नवऱ्याला म्हणत होती. बायको बोलावतेय म्हटल्यावर हा माणूस बिचारा निघाला. त्या टुकटुकमध्ये मला तुझा जो राग आला तो अजून गेलेला नाही. चाळीस वर्षांवर मी ह्यांना अशी हाक मारली जी त्या अंगणातली कुठलीही बाई कोणालाही मारत होती. त्यांच्या एकट्याची म्हणून जी हाक होती ती तू माझ्याकडून काढून घेतलीस, आणि मी दिली.

मुलाला फोनवर खरं ते सांगितलं. "उद्याच्या उद्या तिकीट काढतो, परत या," म्हणाला. मी म्हटलं, व्हिएतनाम राहिलंय. तो इतका चिडला की त्याने फोन ठेवून दिला. मी नकाशा बघितला, हे नकाशा बघत होते. आम्ही गेलो. हनोईच्या रस्त्यावर स्कूटरींचा पूर आला होता, तिकडे सिग्नलला कोणी भीक घालत नाही. मी ह्यांचं मनगट धरायचे आणि पाऊल टाकायच्या आधी नाव घ्यायचे. बाजारात नाव, स्टेशनवर नाव, हॉटेलच्या दारात नाव. प्रत्येक वेळी हे वळायचे आणि प्रत्येक वेळी मला वाटायचं, गेलं ह्यांचं आणखी थोडं आयुष्य. ह्यांच्याच आयुष्यातून काढून ह्यांनाच पुरवत होते की काय, देव जाणे. पण नेले तसे आणले. त्या बाबतीत मला कोणी काही बोलायचं नाही.

डॉक्टरांनी मला ठाऊक होतं तेच सांगितलं. आता औषधं आहेत, मुलगा रोज संध्याकाळी कोलशेतहून येऊन जातो, आणि अहो म्हटलेलं ह्यांच्यापर्यंत पोचत नाही. नावाला मात्र ओ देतात. नातीला तर आनंदच झालाय. आजी आबांना नावाने बोलावते, असं ती शाळेत सांगून आली. ह्यांचं आयुष्य कमी होत असेल तर होवो, आई. जेवढं आहे तेवढ्यात ते माझ्याकडे वळून बघायला हवेत. तुझ्या हाकेला बाबा उठले नाहीत ह्यात तुझ्या हाकेचा दोष नव्हता गं. हे तुला तेव्हाच कोणीतरी सांगायला हवं होतं. मी सांगायला हवं होतं, पण मला तरी कुठे कळत होतं?

एवढं भांडून झालं, आता खरं सांगते. पान उलटून बघ, सबंध पत्रात ह्यांचं नाव कुठेच नाही. दोनदा लिहिलं आणि गिरवून गिरवून खोडलं. म्हणजे मी कसली सुटलेय? हे पत्र देवाजवळही ठेवणार नाहीये, फाडून टाकेन. आणि अजूनही हाक मारून झाली की मी पाठ वळवते आणि दोन्ही गालांवर हलकेच मारून घेते. काल गॅलरीत ह्यांनी ते पाहिलं. "डास आहेत का गं?" म्हणाले. मी हो म्हटलं. मग ते आपले आपण उठले, सरकती काच ओढली, कडी लावली आणि ती नीट लागलीय की नाही ते एकदा हलवून पाहिलं.