सुतकातली मॅच

चँडलर, रविवार संध्याकाळ

सोमवारी नीता गेली. तेव्हापासून ईरा खोलीतच होती, रडलीही नव्हती. आज अमेरिकन फुटबॉलची मॅच लावली तेव्हा बाहेर आली, सोफ्यावर बसली.

तेवढ्यात शेजारच्या मीनाकाकू जेवणाचा डबा घेऊन आल्या आणि दारातच थबकल्या. "अरे अवि, सुतकात टीव्ही?" ईराच म्हणाली, "काकू, आईची टीम आहे."

चुकलं का माझं? पण बंद कसा करणार होतो?

नीता बॉलकडे बघायचीच नाही. बचावाच्या पुढच्या रांगेतले ते चार आडदांड खेळाडू कुठे उभे राहतात, तेवढंच बघायची. टोकाचा जास्त बाहेर उभा राहिला की आत फट पडते, आणि समोरचे तिथूनच पळतात. मग ही ओरडायची, "अरे, आत सरक!"

आज टोकाचा तसाच बाहेर उभा होता. ईरा हळूच म्हणाली, "बाबा, ही इज टू वाइड." मलाही दिसलं होतं. ओरडलं कुणीच नाही. समोरच्यांचा एक जण बॉल घेऊन त्याच फटीतून पळाला.

ईराला रडू फुटलं. काकूंनी डबा खाली ठेवला आणि तिला जवळ घेतलं. मी उभाच. कुठे बसावं ते कळेना.