पावणेचार तासांचं अंतर

९ मे
रूपाचा लेहहून फोन. पोटातलं गेलं. तिसरा महिना नुकता लागला होता. तिच्या बँकेतली एक मुलगी दवाखान्यात सोबतीला आहे. दम्यामुळे मला त्या उंचीवर बंदी, ह्यांच्या मोतीबिंदूची पट्टी अजून सुटलेली नाही. आणि नवरा? जावईबापू भर समुद्रात, अगत्ती बेटावर वीजघर सांभाळतायत. निघतो म्हणाला.

१० मे
नाही पोचला.

११ मे
आजही नाही. जुना नकाशा काढला. तीस वर्षं भूगोल शिकवलाय, दोरा-पट्टी अजून हाताशी. अगत्ती ते लेह सव्वीसशे कि.मी. नेटवर टाकून पाहिलं, तेवढंच. विमानाला पावणेचार तास. घाटात अडकलं तर जुईनगरहून साताऱ्याला जायला आम्हाला याहून जास्त लागतात.

१३ मे
दुपारी पोचले एकदाचे. रूपाला दवाखान्यातून घरी सोडल्यावर. फोनवर घेतलं फैलावर. "पावणेचार तासांच्या वाटेला चार दिवस लागतात का हो?"
"आई, ते विमान..."
ठेवला फोन. कारणं मी वर्गात खूप ऐकली आहेत.

१४ मे
विहीणबाई दिवाळे कोळीवाड्याहून थेट दारात. मासळीबाजार उरकून तशाच. "माजे पोराला काय पंख हायेत?" मी नकाशा पुढे केला. "कागदावर बोट फिरवाला काय जातंय तुमचा?" चहा न घेता गेल्या. बरं झालं.

१७ मे
अधिक महिना लागला. रूपाच्या लग्नानंतरचा पहिलाच. जावयाला धोंड्याचं जेवण, तेहतीस अनारसे, कपडे, सगळं ठरलं होतं. बोलावणार नाही. हे म्हणाले, "जावई आहे, वैरी नाही." ह्यांना काय कळतंय.

२९ मे
जावई बेटावर परतला, रूपा रजा घेऊन इकडे आली. अर्धी झालीये पोर. जेवताना मी बोलले सगळं, पावणेचार तासांसकट. तिने ताट सारलं.
"आई, असं विमानच नाही. अगत्तीहून कोची, ते दोन दिवस आलंच नाही. मग दिल्ली. लेहवर येऊन घिरट्या घातल्या, उतरता आलं नाही, परत दिल्ली. रात्रभर फरशीवर झोपला तो."
मग सांगितलं का नाही म्हटलं.
"सांगत होता. तू फोन ठेवलास."

३० मे
चुकलं. नकाशावर वाटेतली नदी न बघता सरळ पट्टी ठेवून अंतर मोजणाऱ्या मुलांचे मार्क मी कापायचे. तरी राग जात नाही. माझी पोर तिथे एकटी होती, हे काही खोटं नाही.

५ जून
रूपा बोलत नाही. बोलली ती एवढंच, "त्याला मानाने बोलाव. नाहीतर मी जाते त्याच्याकडे, आणि या घरात परत येणार नाही." तोंड वर करून बोलते. मी पण म्हटलं, जा. मग दिवसभर...

१३ जून
अधिकाचे दोन दिवस उरले. रूपा खाली गेलेली बघून जावयाला लावला फोन. "जेवायला या."
म्हणाला, "आई, पावसामुळे चार दिवस इथे विमान नाही. आज निघालो तरी अधिक संपायच्या आत पोचणार नाही."
पुढचा अधिक तीन वर्षांनी. येता येत नाही की यायचं नाही, हे विचारायची सोय मी ठेवलेली नाही.
रूपा वर आली. फोन माझ्या हातातच होता. "काय म्हणाला?"
"लागला नाही," म्हणाले.